पावणेदोनचा भोंगा

मार्च आला की मला अजूनही परीक्षेची स्वप्नं पडतात. वय पन्नाशीच्या पुढे, सरकारी दफ्तरातल्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली, आणि स्वप्नात मी अजून बारावीच्या प्रॅक्टिकलला उशिरा पोचते आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत कडुनिंबाची पिवळी पानं झडायला लागतात. दुपारचा वारा ती फरशीवरून खरखरत ओढत नेतो. तो आवाज ऐकला की मी आधी घड्याळ बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी मार्च लागला आहे.

यंदा तो जरा जास्तच जोरात लागलाय. माझी लेक प्रज्ञा मुंबईत सिनेमाच्या एडिटिंगचं काम करते, म्हणजे चित्रं कापते आणि जोडते. गेले तीन आठवडे ती इथे माझ्याकडे घरीच आहे. ऑफिसवाल्यांनी सांगितलंय, सध्या घरीच थांबा, कळवतो. काय झालं म्हणून विचारलं तर हसते. "मम्मी, अब मशीन काटती है ना. तिला पगार लागत नाही, जेवण लागत नाही." हसते खरी, पण फोन हातातून खाली ठेवत नाही. न्हाणीघरातसुद्धा घेऊन जाते. कळवतो म्हणालेत ना. मी तिच्याकडे बघते आणि मला माझे बाबा दिसतात, मशीनपाशी स्टुलावर कान टवकारून बसलेले.

बाबा सिनेमाचे ऑपरेटर होते. आमचे आजोबा फौजेत, महूला. छावणीत जवानांसाठी एक सिनेमाघर होतं, तिथे बाबांनी पोरवयात मशीन चालवायला शिकून घेतलं. आजोबांना वाटायचं मुलाने वर्दी घालावी. मुलाला वर्दीपेक्षा मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा पांढरा उजेड आवडला. लग्न झाल्यावर ते इंदूरला आले आणि मिल इलाक्यातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये चढले ते पंचवीस वर्षं उतरलेच नाहीत. सगळे त्यांना मास्टर म्हणत. केबिन म्हणजे लोखंडी जिन्यावरची खोली. दोन मशिनी, भिंतीला दोन चौकोनी भोकं, आणि उन्हाळ्यात अशी भट्टी की आईने दिलेली पोळी डब्यातच कडक व्हायची.

टॉकीजच्या समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे मिलचं फाटक. त्यामुळे आमच्या टॉकीजमध्ये एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. मिलची पाळी दुपारी दोनला बदलायची. पावणेदोनला पहिला भोंगा व्हायचा, दोनला दुसरा. बाबा बाराचा खेळ असा लावत की बरोबर पावणेदोनच्या भोंग्याला मध्यंतर व्हावं. पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा दोन जास्त, दोन कमी, असं करून ते वेळ जुळवत. भोंगा झाला की दिवे लागायचे, आणि अर्धी टॉकीज उठून रस्ता ओलांडून मिलमध्ये शिरायची. दोनच्या भोंग्यानंतर सकाळच्या पाळीचे लोक, केसांत कापूस घेऊन, रस्ता ओलांडून टॉकीजमध्ये यायचे. मध्यंतर वीस मिनिटांचं. तेच तिकीट, तीच खुर्ची, माणूस फक्त दुसरा. गेटवरचे बशीरभाई अर्धं फाडलेलं तिकीट बघून मान हलवायचे. मालकाला हे माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं तो वागायचा.

आमच्या शेजारी दोघे भाऊ राहायचे, रामप्रसादजी आणि छोटेलाल. दोघे एकाच खात्यात, पण पाळ्या उलट्या. थोरले रामप्रसादजी दुपारपाळीचे, म्हणून त्यांनी जन्मभर सिनेमाचा पहिला अर्धा भाग पाहिला. धाकटा छोटेलाल सकाळपाळीचा, त्याच्या वाट्याला नेहमी दुसरा अर्धा. घरी गेल्यावर दोघे एकमेकांना आपापला भाग सांगत आणि असा सिनेमा पुरा होई. लहानपणी मला ही फार मजेची गोष्ट वाटायची. रामप्रसादजी ओट्यावर बसून सांगायचे, "ओढ़नी टांगे के पहिये में फँस गई, बिटिया, और बाबू ने उतर के छुड़ाई. बस, हो गई मोहब्बत." पुढे काय, असं विचारलं की म्हणायचे, "आगे का छोटा जाने."

आणि मग एका थंडीत मिलचं फाटक बंद झालं. वर्तमानपत्रात तेव्हा देश कसा उघडतोय याच्या मोठमोठ्या बातम्या यायच्या. बाहेरच्या कंपन्या येणार, बाहेरचा माल येणार. आमच्या इलाक्यात मात्र एकेक करून फाटकं बंद होत होती. फाटकावर कागद चिकटवलेला होता. तो वाचायला रोज माणसं जायची. कालचाच कागद आज पुन्हा वाचायची. संक्रांतीपर्यंत आमच्या गल्लीत सकाळी डबा घेऊन कामाला निघणारा माणूस एकच उरला, तो म्हणजे माझा बाप. शेजारणी त्यांच्या सायकलीकडे बघत. वाईट नजरेने नाही, पण बघत. मला ते बघणं सहन व्हायचं नाही. आपलीही पाळी येणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

कारण टॉकीजही आतून पोखरली जात होती. केबलची काळी वायर छतांवरून लोंबत गल्लीत आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायची. नवा सिनेमा टॉकीजला लागायच्या आधी केबलवर दिसायचा. लोक म्हणायचे, पंखा आपला, चहा आपला, मग तिकडे कशाला मरायचं? मालकाने नवे सिनेमे आणणं थांबवलं. त्या मार्चमध्ये बाराच्या खेळाला जुने प्रेमाचे सिनेमे लागू लागले, कारण त्यांच्या प्रिंटा स्वस्त होत्या. काळेपांढरे, ओरखड्यांनी भरलेले, पडद्यावर सतत पाऊस पडतोय असे.

आणि काय आश्चर्य, माणसं आली. मिलची माणसं. बायकोच्या समोर दिवसभर बसून राहायचं नाही म्हणून आली असतील, असं आई म्हणायची. पण तेवढंच नव्हतं. आज मला वाटतं, त्या सिनेमांत एक गोष्ट हमखास असायची. ताटातूट व्हायची ती गैरसमजाने, आणि शेवटच्या रिळात कोणीतरी धावत एक चिठ्ठी घेऊन यायचं. मग सगळं जिथल्या तिथे. फाटकासमोर उभ्या असलेल्या माणसाला याहून काय हवं असतं? त्यालाही वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय, कोणीतरी कागद घेऊन येईल. प्रेमाच्या सिनेमाला लोक भोळं समजतात. मला तो भोळा वाटत नाही. ज्याचं सगळं गेलंय त्यालाही आशेला लावून ठेवतो, म्हणून मला त्याची भीती वाटते.

आता दोघा भावांना पूर्ण सिनेमा बघायला कोणाची मनाई नव्हती. पहिल्यांदा दोघे शेजारी शेजारी बसले, त्या दिवसाचं बशीरभाईंनी सांगितलं ते मी विसरले नाही. तोच ओढणी-टांग्याचा सिनेमा लागला होता, आणि रामप्रसादजींनी आयुष्यात पहिल्यांदा मध्यंतरानंतरचा भाग पाहिला. बाहेर आले ते डोळे पुसत. धाकट्याला म्हणाले, "इत्ता दुख था इसमें? तूने तो कभी बताया नी."

छोटेलाल चप्पल घालत म्हणाला, "तम थक के आते थे, भिया. मैं अच्छा-अच्छा छाँट के बताता था."

दुसऱ्या दिवसापासून रामप्रसादजी पुन्हा मध्यंतराला उठू लागले. पण जायला मिल नव्हती. फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभे राहायचे. इकडे छोटेलाल दोन वाजता यायचा आणि त्यांच्या खुर्चीत बसायचा. एकच तिकीट, दोन माणसं. गरज उरली नव्हती, रिवाज उरला होता.

माझी बारावीची परीक्षा सुरू होती. सकाळचा पेपर अकराला सुटायचा. घरी जाऊन डबा घ्यायचा, सायकलने टॉकीजला जायचं, बाबांना डबा द्यायचा, केबिनच्या जिन्यावर बसून पुढच्या पेपरचं वाचायचं. पहिल्या पेपरच्या दिवशीचीच गोष्ट. जिन्यावर बसले होते. आतून रीळ फिरल्याचा तडतड आवाज येत होता. त्या जुन्या प्रिंटचा 'मध्यंतर' अशी अक्षरं असलेला तुकडा झिजून कधीच कापला गेला होता, त्यामुळे मध्यंतर करणं पूर्णपणे बाबांच्या हातात होतं. तडतड एकदम हलकी झाली. रीळ संपलं, पट्टीचं मोकळं टोक फटफट वाजायला लागलं. मी उठून आत डोकावले. बाबा स्टुलावर बसले होते, एक हात दिव्यांच्या बटणाजवळ वर उचललेला, मान रस्त्याच्या बाजूला वळलेली. खाली पडदा पांढराफेक.

ऑपरेटरच्या जातीला पांढरा पडदा म्हणजे नाक कापल्यासारखं. पंचवीस वर्षांत बाबांकडून तो कधी झाला नव्हता. एरवी पडदा क्षणभर जरी पांढरा झाला तरी शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांचा खडखडाट. त्या दिवशी शेदीडशे माणसं खाली बसली होती आणि एकही शिट्टी वाजली नाही. मी भोकातून पाहिलं. पांढऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. सगळ्यांच्या माना थोड्या रस्त्याच्या बाजूला कललेल्या होत्या.

"बाबा!" मी ओरडले.

ते दचकले. बटण दाबलं. दिवे लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोंगा नाही झाला अजून."

मिल बंद होऊन तीन महिने होत आले होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, चालू होतं, पावणेदोन वाजून गेले होते, आणि माझा शहाणासुरता बाप बंद मिलच्या भोंग्याची वाट बघत होता. बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे वाक्य माझ्या मनात आलं. ते मी कोणाजवळही बोलले नाही.

मॅनेजर जिना चढून आला. जिन्यात मला बघून आवाज खाली घेतला, पण मला ऐकू आलं. "मास्टर, अपन ने कभी कुछ बोला नी. लेकिन सेठजी बहाना ढूँढ रहे हैं. एक बार और सफेद पड़ा, तो मैं नी बचा पाऊँगा."

बाबा म्हणाले, "जी."

त्या दिवसापासून मी बाबांचा भोंगा झाले. पेपर लिहून टॉकीजला यायचं, पावणेदोनला घड्याळ बघून त्यांच्या खांद्याला हात लावायचा. हात लागला की ते दिवे लावायचे. आम्ही याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पुस्तक मांडीवर उघडं असायचं आणि डोळे घड्याळावर. गल्लीत डबा घेऊन निघणारा शेवटचा माणूस माझ्या एका हातावर टिकून आहे, असं मला वाटायचं. सतरा वर्षांच्या मुलीला झोप उडवायला तेवढं पुरतं.

लेखी पेपर सरले. मग प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लागलं. भौतिकशास्त्र, बाहेरचे परीक्षक, वेळ दुपारी बारा ते तीन.

आदल्या दिवशी मी आईला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. सांगायचं काय? की बाबा वेडे झालेत? बाबांनाच धीर करून म्हटलं, "उद्या मी नाही येणार, बाबा. तुम्ही घड्याळ बघाल ना?" ते डबा उघडत होते. भाजीवरची शेव बोटाने सारखी करत म्हणाले, "तू पेपरकडे लक्ष दे, बेबी." हो म्हणाले नाहीत.

मला लंबकाचा प्रयोग आला. दोऱ्याला लटकवलेला गोळा, त्याचे वीस झोके मोजायचे आणि वेळ घ्यायची. एवढं सोपं, आणि मला जमेना. अकरा, बारा, तेरा, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. दीड. पुन्हा पहिल्यापासून. सात, आठ, नऊ. एक चाळीस. परीक्षक म्हातारे होते. म्हणाले, "बेटा, तुम्हारी घड़ी तो हाथ में है. दीवार पर क्या देख रही हो?" पावणेदोन वाजले तेव्हा लंबक हलत होता आणि मी मोजणं सोडून दिलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा होता.

तीनला सुटले. सायकल कशी मारली ठाऊक नाही. उन्हाने डांबर मऊ झालेलं. टॉकीजच्या फाटकात बशीरभाई स्टुलावर बसले होते आणि खांदे हलवून हसत होते. ते रडतायत असं मला आधी वाटलं.

"सफेद पड़ा क्या, चाचा?" मी विचारलं.

"काय का सफेद!" ते म्हणाले. "अरे बेटी, आज तो भोंगा हुआ. रामप्रसाद खड़ा हो गया कुर्सी पे. दोनों हाथ ऐसे मुँह पे रखे, और भोंऽऽऽ! पहले लोग हँसे. फिर एक और खड़ा हुआ, फिर पूरी लाइन. पूरी टॉकीज में भोंगा, बेटी! मैनेजर साब ऑफिस से भाग के आए, मिल खुल गई समझ के."

मी जिना चढून गेले. मध्यंतरानंतरचा भाग शेवटाला आला होता. नायिका स्टेशनावर उभी होती, चिठ्ठी अजून पोचायची होती. बाबा दुसऱ्या मशीनची कांडी सारखी करत होते. चेहरा शांत. मला बघून म्हणाले, "कसा गेला प्रयोग?"

"बरा गेला," मी खोटं बोलले.

"इथलंही बरं झालं. आज भोंगा वेळेवर झाला."

ते थट्टेने बोलले की खरं समजून, हे त्यांच्या तोंडावरून कळेना. विचारायचं धैर्य झालं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी म्हटलं असतं, 'हो गं, मिल सुरू झाली ना,' तर मी काय केलं असतं?

पुढे रोज खालून भोंगा व्हायचा. बाबा रोज वेळेवर दिवे लावायचे. टॉकीज त्यामुळे वाचली असं नाही. जेठाच्या उन्हात तीही बंद झाली, आता तिथे कपड्यांचं मार्केट आहे. छोटेलाल जवळच्या हातोद गावच्या मंडीत पोती उचलायला गेला. रामप्रसादजी दोन वर्षांत गेले, फाटकासमोरच्या त्याच गाड्यावर चहा पिताना. बाबांना एका शाळेत शिपायाची जागा मिळाली आणि तिथली घंटा ते तीस सेकंदही न चुकता देत. मी भौतिकशास्त्रात काठावर पास झाले. पण तो प्रश्न मी पोटात घेऊन फिरले. ताकही फुंकून प्यायची सवय मला तिथूनच लागली. बाबा कधी चष्मा विसरले, कधी एखादं नाव चुकले, की मनात यायचं, झालं सुरू.

बाबा आता ऐंशीला टेकलेत, माझ्याकडेच असतात. गेल्या रविवारी प्रज्ञाने लॅपटॉपवर तोच सिनेमा लावला, ओढणी आणि टांग्याचा. जेवणं लवकर आटोपली होती, बारा वाजले असतील. कोणीतरी तो धुऊन पुसून स्वच्छ केलाय. एक ओरखडा नाही. बाबा गुडघ्यावर हात ठेवून बघत होते आणि मधूनच म्हणत होते, "इथे जोड होता. इथे मी चार चित्रं कापली होती." प्रज्ञा म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर माझ्याहून भारी एडिटर निघाले." तिचा फोन शेजारी उताणा पडलेला होता. दर मिनिटाला ती त्याच्याकडे बघत होती.

लॅपटॉपवर सिनेमाला मध्यंतर नसतं. पहिला भाग संपला, दुसरा तसाच चालू झाला. माझी नजर उगीच घड्याळाकडे गेली आणि मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात वर उचलला गेला होता. हवेत, जिथे बटण असायचं तिथे. आणि तिथेच थांबला होता. मान जराशी रस्त्याच्या बाजूला.

मी घाबरले. खरंच घाबरले. उठून स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मग दोन्ही हात तोंडाशी धरून भोंगा वाजवला. पन्नाशीची बाई, नातेवाइकांनी बघितलं असतं तर माझ्याच डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले असते.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "थांबव, प्रज्ञा. मध्यंतर." आणि मागोमाग, "बेबी, रामप्रसाद जाडा वाजवायचा. तुझा शिट्टीसारखा येतो."

मी बाहेर आले. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बंद मिलचा भोंगा कसा वाजेल? मी काय येडा होतो?"

"मग घड्याळ बघून दिवे का नाही लावायचे? मी किती घाबरले होते!"

ते थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. टांगा रस्त्याच्या मधोमध उभा होता. मग म्हणाले, "दिवे लावले की सगळे एकमेकांना दिसायचे गं. मिल असताना अर्धे उठून जायचे. आता कोणाला कुठे जायचंच नव्हतं. ते आपल्या हाताने दाखवायला माझा हात उचलत नव्हता. भोंगा झाला की वाटायचं, मी नाही केलं."

प्रज्ञाने विचारलं, "आजोबा, पुढचं लावू?"

"थांब. वीस मिनिटं."

तिने फोन उचलला, बघितला, पालथा ठेवला. बाहेर पानं फरशीवरून खरखरत होती. दुपारचा लख्ख उजेड खोलीत आला होता आणि आम्ही तिघं एकमेकांना स्वच्छ दिसत होतो. कोणालाच कुठे जायचं नव्हतं.